मुंबई–सॅन फ्रान्सिस्को: नकाशावरचं अंतर आणि विमानातले तास

चाफेकळी_ठाणे (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात आई-बाबांना धाकट्या भावाकडे सॅन होजेला, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोजवळ, पाठवायचं आहे. बाबा चौऱ्याहत्तर वर्षांचे, आई सत्तरची. आईला मधुमेह आहे, इन्सुलिन चालू आहे. दोघंही एवढ्या लांब पहिल्यांदाच चाललेत आणि सोबत कोणी नाही.

अंतर मोजणारी कुठलीही साइट उघडली की मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को साधारण १३,५०० किमी आणि वेळ सोळा तासांच्या आसपास दाखवते. तिकीट बघायला गेलं की बावीस तास, सव्वीस तास, एका ठिकाणी तर एकतीस. आमच्या तारखांना मुंबईहून थेट विमान मिळत नाहीये. दिल्ली, दुबई, फ्रँकफर्ट आणि सिंगापूर असे पर्याय दिसतायत. त्यातही जायचा वेळ वेगळा, यायचा वेगळा. अंतर दोन्हीकडून सारखंच असताना दोन-दोन तासांचा फरक कसा पडतो?

मला हे नीट समजून घ्यायचंय. बाबा रोज रात्री जेवताना विचारतात, "नक्की किती वेळ बसायचंय?" त्यांना खरं उत्तर द्यावंसं वाटतं.

---

अक्षांश

ताई, साइटवरचा १३,५०० हा आकडा बरोबर आहे. तो पृथ्वीच्या पृष्ठभागावरून दोन बिंदूंना जोडणाऱ्या सगळ्यात छोट्या वाटेचा, म्हणजे बृहत्वृत्ताचा आकडा. वेळ मात्र त्या साइट नुसत्या भागाकाराने काढतात. ताशी साडेआठशे-नऊशे किमी असा एक ठरीव वेग धरायचा, चढण्या-उतरण्याचा अर्धा तास मिळवायचा, झालं. त्यात वारा नसतो, देशांच्या हद्दी नसतात, थांबाही नसतो.

घरात पृथ्वीगोल असेल तर बाबांना एक गोष्ट करून दाखवा. मुंबईवर दोऱ्याचं एक टोक धरा, दुसरं सॅन फ्रान्सिस्कोवर, आणि दोरा ताणा. भिंतीवरच्या नकाशात वाटतं की विमान युरोपवरून आणि अटलांटिकवरून जाईल. दोरा मात्र जवळजवळ थेट उत्तरेकडे निघतो. राजस्थान, हरियाणा, मग लडाख, चीनचा शिनजियांग, सायबेरिया, तिथून आर्क्टिक महासागरात ७६ अंश उत्तरेच्याही वर, पुढे अलास्काचा उत्तर किनारा, कॅनडाचा युकॉन, व्हँकुव्हर बेट आणि ऑरेगनवरून खाली कॅलिफोर्नियात.

यातून एक गंमत निघते. दिल्ली या रेषेच्या अगदी जवळ आहे. मुंबई–दिल्ली साधारण १,१४० किमी, दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को साधारण १२,३८०. बेरीज करा, १३,५२०. म्हणजे दिल्लीमार्गे गेल्याने नकाशावर वळसा पडतच नाही म्हटलं तरी चालेल.

---

देवगड_हापूस

मस्त माहिती. पण मग विमान त्या दोऱ्यावरूनच का जात नाही? आणि एक जुनी शंका विचारून घेतो. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, म्हणून पूर्वेकडे जाताना जास्त वेळ लागायला हवा ना? शहर पुढे पळतंय आणि विमान मागून.

---

धावपट्टी२७

आधी हापूसरावांची शंका. पृथ्वीबरोबर तिच्यावरची हवाही फिरते आणि विमान त्या हवेत उडतं. त्यामुळे शहर पुढे पळतं आणि विमान मागे राहतं असं काही होत नाही. वेळेत फरक पडतो तो हवेच्या स्वतःच्या हालचालीमुळे, म्हणजे वाऱ्यामुळे. आणि होतं तुम्ही म्हणता त्याच्या उलट: पूर्वेकडे जाणारी विमानं लवकर पोहोचतात.

मी निवृत्त होईपर्यंत फ्लाइट डिस्पॅचमध्ये होतो. विमान कुठल्या वाटेने जाणार, किती इंधन भरणार, वाटेत अडचण आली तर कुठे उतरणार, हे उड्डाणाआधी कागदावर ठरवायचं काम. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दोऱ्याच्या वाटेत पहिला अडथळा हिमालय आणि तिबेटचं पठार. उंचीवरून विमान आरामात जातं, प्रश्न तो नाही. केबिनमधला हवेचा दाब गेला तर विमानाला दहा हजार फुटांच्या आसपास खाली यावं लागतं. प्रवाशांच्या डोक्यावरच्या मास्कमधला प्राणवायू बहुतेक विमानांत बारा-पंधरा मिनिटांपुरताच असतो. तिबेटच्या पठाराची सरासरी उंचीच साडेचार हजार मीटर, म्हणजे चौदा-पंधरा हजार फूट. खाली यायला जागाच नाही. विशेष तयारी आणि आधी ठरवलेल्या सुटकेच्या वाटा असल्याशिवाय तिथून जाता येत नाही.

दुसरा अडथळा राजकारणाचा. २०२२मध्ये युक्रेन युद्ध सुरू झाल्यावर रशियाचं आकाश अमेरिका, कॅनडा, ब्रिटन आणि युरोपीय संघाच्या विमान कंपन्यांना बंद झालं. युनायटेडने त्याच मार्चमध्ये सॅन फ्रान्सिस्को–दिल्ली आणि न्यूअर्क–मुंबई ही उड्डाणं थांबवली. भारतीय आणि आखाती कंपन्यांना रशियावरून जाता येत राहिलं. एप्रिल २०२५मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आकाश बंद केलं. त्याचा फटका दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्यांना जास्त बसला. मुंबईचं विमान तसंही अरबी समुद्रावरून ओमानकडे निघू शकतं.

तिसरी गोष्ट दोन इंजिनांच्या विमानाची. वाटेत कुठेही एक इंजिन बंद पडलं, तरी उरलेल्या एका इंजिनावर ठरवून दिलेल्या मिनिटांत गाठता येईल असा विमानतळ हाताशी लागतो. आर्क्टिक आणि पूर्व सायबेरियात असे विमानतळ मोजकेच. जून २०२३मध्ये एअर इंडियाचं दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान इंजिनातल्या बिघाडामुळे रशियात मगदानला उतरवावं लागलं. प्रवासी सुखरूप होते, पण त्यांना न्यायला भारतातून दुसरं विमान पाठवावं लागलं. वाट आखताना डिस्पॅचवाल्याच्या डोळ्यांसमोर अशाच जागा असतात.

आता वारा. विमानाचा हवेतला वेग ताशी ९०० किमी धरू. मुंबईहून जपानवरून आणि पॅसिफिकवरून गेलो तर अंतर साधारण १५,००० किमी होतं, म्हणजे दोऱ्याच्या वाटेपेक्षा दीड हजार किमी जास्त. पण पूर्ण प्रवासात सरासरी १०० किमीचा वारा मागून मिळाला, तर जमिनीवरचा वेग १,००० होतो आणि पंधरा तासांत पोहोचतो. वारा नसताना ध्रुवाकडची १३,५०० किमीची वाट कापायलाही पंधराच तास लागतात! आता तीच पॅसिफिकची वाट उलटी धरा. वारा पुढून, वेग ८००, वेळ पावणेएकोणीस तास.

हा हिशेब नुसता कागदावरचा नाही. ऑक्टोबर २०१६मध्ये एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिक सोडून पॅसिफिकवरून नेलं. अंतर १५,३०० किमी झालं, आधीच्या वाटेपेक्षा सुमारे १,४०० किमी जास्त, आणि वेळ लागला साडेचौदा तास. आधीच्या छोट्या वाटेने सोळाहून अधिक लागायचे. येताना मात्र विमान अटलांटिकवरूनच यायचं, म्हणजे पुन्हा पूर्वेकडेच. एका फेरीत पृथ्वीला प्रदक्षिणा.

---

खलाशी_वेंगुर्ला

धावपट्टीकाका, वाचून फार बरं वाटलं. जहाजावर आम्हीही हेच करतो. योकोहामाहून अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याला निघालं की बृहत्वृत्त वर अलास्काजवळच्या अल्युशियन बेटांकडे नेतं. हिवाळ्यात तिथे समुद्र इतका खवळलेला असतो की दोनेक दिवस जास्त गेले तरी चालतील म्हणून कप्तान खालचे अक्षांश धरतो. चार्टवर छोटी वाट आणि लवकर पोहोचवणारी वाट दरवेळी एकच नसते.

---

पर्जन्यमापक

वाऱ्याचा विषय निघालाय म्हणून थोडी भर.

हे वारे म्हणजे जेट प्रवाह. साधारण दहा-बारा किमी उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे. म्हणजे विमानं उडतात नेमक्या त्याच थरात. जपानवर हिवाळ्यात त्यांचा वेग ताशी २५० ते ३०० किमी सहज जातो. त्यांचा पद्धतशीर अभ्यास पहिल्यांदा जपानमध्येच झाला. वासाबुरो ओइशी या हवामानशास्त्रज्ञाने १९२०च्या दशकात फुगे सोडून वरच्या हवेचं मोजमाप केलं आणि १९२६मध्ये ते एस्परांटो या सगळ्या देशांसाठी मुद्दाम बनवलेल्या भाषेत प्रसिद्ध केलं, जगाने वाचावं म्हणून. दुर्दैवाने फार थोड्यांनी वाचलं. पुढे दुसऱ्या महायुद्धात उंचावरून उडणाऱ्या वैमानिकांना हे वारे प्रत्यक्ष भेटले तेव्हा त्यांचं महत्त्व सगळ्यांना कळलं.

आपल्याशीही त्यांचा जवळचा संबंध आहे. हिवाळ्यात पश्चिमी जेट प्रवाहाची एक शाखा हिमालयाच्या दक्षिणेला, उत्तर भारतावरून वाहते. जूनच्या सुमारास ती हिमालयाच्या उत्तरेला सरकते आणि साधारण त्याच काळात आपल्याकडे मान्सून येतो. जेट प्रवाह उन्हाळ्यात मंदावतात, थंडीत जोर धरतात. म्हणूनच एका हंगामातल्या तिकिटावरचा वेळ दुसऱ्या हंगामात जसाच्या तसा लागू होत नाही.

ताई, तुमचे आई-बाबा ऑक्टोबरअखेर जातायत, म्हणजे वारे जोर धरू लागलेले असतील. परत येतील तेव्हा ऐन थंडी असेल, तर पॅसिफिकवरून पश्चिमेकडे येणारं विमान चांगलंच रेंगाळेल.

---

देवगड_हापूस

पृथ्वीच्या फिरण्याबद्दल डोक्यात बसलेलं आज निघालं. धन्यवाद काका.

---

खाडीकाठ

मी सॅन होजेजवळच राहतो. इकडच्या मराठी घरांत दर शरद ऋतूत हीच चर्चा असते, कोणाचे आई-बाबा कुठल्या वाटेने येतायत. चाफेकळीताईंच्या चार पर्यायांची अंतरं मांडतो, सगळी साधारण.

दिल्लीमार्गे १३,५२० किमी, वर आलंच आहे. प्रत्यक्षात विमान कुठून जाईल ते वारा आणि आकाश ठरवणार.

दुबईमार्गे: मुंबई–दुबई १,९३० आणि दुबई–सॅन फ्रान्सिस्को १३,०२०, मिळून १४,९५०. दुबई–सॅन फ्रान्सिस्को ही रेषा जवळजवळ उत्तर ध्रुवावरूनच जाते. दोन्ही शहरांची रेखावृत्तं एकमेकांच्या अगदी समोरासमोर आहेत. पहिला टप्पा तीन तासांचा, दुसरा सोळाच्या आसपास. म्हणजे "थांबा" असूनही एक लांबलचक बैठक आहेच.

फ्रँकफर्टमार्गे: ६,५७० अधिक ९,१५०, एकूण १५,७२०. दोन टप्पे जास्त समान, साडेआठ-नऊ तास आणि अकरा-साडेअकरा.

सिंगापूरमार्गे: ३,९२० अधिक १३,५९०, एकूण साडेसतरा हजार. दोऱ्याच्या वाटेपेक्षा चार हजार किमी जास्त. पॅसिफिकवर जाताना वारा पाठीशी असतो, तरी एवढा फरक भरून निघत नाही. तिकीट फार स्वस्त असेल तरच विचार करावा, आणि ज्येष्ठांसाठी तर नकोच, असं माझं स्पष्ट मत.

माझं मत दिल्लीला. भाषा आपली, जेवण आपलं. सॅन फ्रान्सिस्कोला उतरलं की इमिग्रेशन, सामान आणि मुलगा, सगळं एकाच ठिकाणी. न्यूअर्क किंवा शिकागोवरून जाणारं तिकीट घेऊ नका. अमेरिकेत जिथे पहिल्यांदा उतरता तिथेच इमिग्रेशन होतं, सामान उचलून कस्टममधून न्यावं लागतं आणि पुढच्या विमानासाठी पुन्हा द्यावं लागतं. थकलेल्या माणसांना हे फार जड जातं.

---

मायलेकी

खाडीकाठदादा, मी सहमत नाही.

माझ्या आईचे गुडघे गेलेले आहेत. एका बैठकीत सोळा तास तिला झेपत नाहीत. आठव्या-नवव्या तासानंतर पाय सुजतात, मग ती पाणी पिणं कमी करते, कारण उठून जावं लागू नये. हे सगळ्यांत वाईट. फ्रँकफर्टला तीन-चार तास मिळतात, पाय मोकळे होतात, तोंड धुता येतं. एकूण तास जास्त झाले तरी ती पोहोचते तेव्हा माणसात असते. परक्या विमानतळाची भीती वाटते हे खरं, पण व्हीलचेअर घेतली की ती माणसं दारातून दारापर्यंत नेतात.

चाफेकळीताई, एकूण तासांकडे बघू नका. सगळ्यात लांब बैठक किती तासांची आहे ते बघा.

---

खाडीकाठ

मायलेकी, गुडघ्यांचं कारण असेल तर तुमचं म्हणणं पटतं. पण फ्रँकफर्टमार्गे शेंगेन (युरोपीय देशांचा सामायिक) ट्रान्झिट व्हिसाचा, म्हणजे फक्त विमान बदलण्यापुरत्या व्हिसाचा, नियम आधी पाहावाच लागतो. भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा वैध व्हिसा असला की सहसा सूट मिळते, तरी तिकीट काढायच्या दिवशीचा नियम वाचून घ्या. आणि पहिलं विमान उशिरा पोहोचलं तर? चौऱ्याहत्तर वर्षांचे काका दुसऱ्या तिकिटासाठी काउंटरवर भांडणार का?

---

धावपट्टी२७

दोघांचंही म्हणणं खरं आहे, प्रकृतीप्रमाणे ठरवा. उशिराच्या मुद्द्यावर मात्र ठामपणे सांगतो: दोन्ही टप्पे एकाच पीएनआरवर घ्या. मग पहिल्या टप्प्याला उशीर होऊन पुढचं विमान चुकलं तर पुढे पोहोचवायची जबाबदारी विमान कंपनीची. दोन वेगळी तिकिटं स्वस्त पडतात म्हणून घेतली तर ती जबाबदारी कोणाचीच नाही. आणि थांबा कितीही लहान दिसला तरी ज्येष्ठांसाठी अडीच-तीन तासांच्या खाली जाऊ नका.

तिकिटावर जो वेळ छापतात तो गेटवरून विमान हललं तिथपासून समोरच्या गेटला लागेपर्यंतचा. त्यात धावपट्टीपर्यंतची रांग, हवेत घिरट्या, थोडी राखीव मिनिटं, सगळं धरलेलं असतं. म्हणून कधी कधी विमान "वेळेआधी" पोहोचतं.

परतीबद्दल: २०२५मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून मुंबईला येणारं विमान काही काळ कोलकात्याला उतरून पुढे येत होतं. म्हणून परतीचं तिकीट काढताना "थेट" एवढा एकच शब्द वाचू नका, वाटेत तांत्रिक थांबा लिहिलाय का तेही बघा.

---

चाफेकळी_ठाणे

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री बाबांबरोबर पृथ्वीगोल आणि दोरा घेऊन बसलो. लडाखवरून, ध्रुवाजवळून अमेरिका, हे बघून ते इतके रमले की जेवण गार झालं.

आईच्या इन्सुलिनचं काय करायचं? वेळ साडेबारा तासांनी सरकणार म्हणजे दिवसच उलटा होणार.

---

दवाखाना_सातारा

डोस कसा सरकवायचा हे तिच्या नेहमीच्या डॉक्टरांनीच कागदावर लिहून द्यायला हवं. दीर्घ परिणामाचं आणि जेवणाबरोबरचं, दोन्हींचा हिशेब वेगळा असतो. निदान दोन आठवडे आधी जा आणि तिकिटाची प्रत सोबत न्या, त्यावरच्या वेळा त्यांना लागतील.

इन्सुलिन हातातल्या पिशवीतच ठेवा. सामानाबरोबर खाली टाकलं तर गोठायचा धोका असतो, आणि गोठलेलं इन्सुलिन वापरायचं नाही. डॉक्टरांचं पत्र, प्रिस्क्रिप्शन, ग्लुकोमीटर, साखर किंवा ग्लुकोज हाताशी. दीड-दोन तासांनी उठून चालायचं, पाणी प्यायचं. पायांच्या शिरांत गुठळ्या होण्याचा धोका लांब बैठकीत वाढतो. दाब देणारे मोजे डॉक्टरांना विचारून घ्या. मायलेकींनी पाणी टाळण्याबद्दल लिहिलंय ते फार महत्त्वाचं आहे. आईला मार्गिकेजवळची सीट मिळवून द्या, म्हणजे उठताना कोणाची परवानगी मागावी लागणार नाही.

---

चाफेकळी_ठाणे

डॉक्टर, लिहून ठेवलं.

दिल्लीमार्गे जायचं ठरलं. एकाच पीएनआरवर, दिल्लीत चार तास, दोघांना व्हीलचेअर, दोघांना मार्गिकेच्या सीट. आईच्या गुडघ्यांची तक्रार नाही, आणि हिंदीत बोलता येईल याने तिला धीर आहे. एकूण साधारण बावीस तास. परतीचं फेब्रुवारीत.

आता शेवटची शंका. तारखांचा हिशेब कसा करायचा?

---

अक्षांश

सोपं आहे. सगळा हिशेब आधी निघायच्या ठिकाणच्या वेळेत करा, मग शेवटी एकदाच बदला.

ऑक्टोबरअखेर कॅलिफोर्नियात उन्हाळी वेळ चालू असते, फरक साडेबारा तासांचा. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिथली घड्याळं एक तास मागे जातात आणि मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुन्हा पुढे येतात. मधल्या काळात फरक साडेतेरा तास.

समजा २८ ऑक्टोबरला पहाटे चारला मुंबईहून निघाले. बावीस तासांनी आपल्याकडे २९ची पहाट, दोन वाजलेले. साडेबारा तास वजा करा: २८ तारखेची दुपार, दीड. म्हणजे निघाले त्याच तारखेला पोहोचले.

परतीला उलट. १० फेब्रुवारीला तिथून दुपारी चारला निघाले आणि एकवीस तास लागले, तर तिथल्या घड्याळात ११ची दुपार, एक वाजलेला. त्यात साडेतेरा मिळवा: १२ फेब्रुवारी, पहाटेचे अडीच. तिकिटावर शेजारी "+२" असं लिहिलेलं असतं ते याचसाठी. अनेक घरांत इथेच घोळ होतो आणि न्यायला माणसं एक दिवस उशिरा किंवा लवकर पोहोचतात.

---

चाफेकळी_ठाणे

म्हणजे आम्ही ११च्या रात्री दीडच्या सुमाराला ठाण्याहून गाडी काढायची?

---

अक्षांश

हो, ११ची रात्र. बाराच्या पुढे कॅलेंडर १२ दाखवेल, तिकडे लक्ष देऊ नका. दीडला निघालात तरी चालेल, उतरल्यावर इमिग्रेशन आणि सामानाला तासभर जातोच.

---

मायलेकी

थर्मासमध्ये आल्याचा चहा घेऊन जा ताई. प्रवास सुखाचा होवो दोघांना.